जॉन एरिक्सन

जॉन एरिक्सन (मूळ स्वीडिश नाव: युहान एरिक्सन, ३१ जुलै, १८०३ – ८ मार्च, १८८९) हे स्वीडनमध्ये जन्मलेले अमेरिकन यंत्र अभियंते व संशोधक होते. जहाजाचा मळसूत्री प्रोपेलर व्यवहारात आणणाऱ्या अभियंत्यांपैकी ते एक होत. अमेरिकन यादवी युद्धातील 'मॉनिटर' ही फिरत्या बुरुजाची चिलखती युद्धनौका ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध निर्मिती आहे. उष्ण हवेवर चालणाऱ्या इंजिनावर त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ काम केले आणि उष्मागतिकीच्या पाठ्यपुस्तकांत आढळणारे 'एरिक्सन चक्र' त्यांच्याच नावाने ओळखले जाते. दूरध्वनी यंत्रणा बनविणाऱ्या एरिक्सन या स्वीडिश कंपनीशी मात्र त्यांचा संबंध नाही. ती कंपनी लार्स माग्नुस एरिक्सन यांनी १८७६ मध्ये स्थापन केली.

बालपण व स्वीडनमधील काळ

एरिक्सन यांचा जन्म स्वीडनच्या वॅर्मलांड प्रांतातील लाँगबान या खाणींच्या गावी झाला. त्यांचे वडील ओलोफ खाणव्यवसायात होते. परंतु सट्ट्यात पैसा गेल्याने कुटुंबाची परिस्थिती खालावली आणि १८१० मध्ये ते फोर्सविक येथे राहावयास गेले. तेथे स्वीडनच्या दोन किनाऱ्यांना जोडणाऱ्या गोटा कालव्याचे काम चालू होते व ओलोफ यांना खडक फोडण्याच्या कामावर देखरेखीची नोकरी मिळाली. जॉन आणि त्यांचे थोरले बंधू नील्स यांचे खरे शिक्षण या कालव्यावरच झाले. कालव्याचे प्रमुख बाल्टझार फॉन प्लाटेन यांनी दोन्ही मुलांची हुशारी हेरून त्यांना यांत्रिकी शाखेचे प्रशिक्षणार्थी म्हणून घेतले. चौदाव्या वर्षी जॉन स्वतंत्रपणे भूमापनाचे काम पाहत होते. मोजणीच्या दुर्बिणीपर्यंत डोळा पोहोचावा म्हणून एक माणूस त्यांच्यासाठी चौरंग घेऊन बरोबर चालत असे, अशी आठवण सांगितली जाते.

नील्स पुढे स्वीडनमध्येच राहिले, कालवे व लोहमार्ग बांधून नावारूपास आले आणि १८५४ मध्ये त्यांना सरदारकी मिळाली. जॉन यांनी सतराव्या वर्षी सैन्याची वाट धरली. येम्टलंड या उत्तरेकडील प्रांतात भूमापन करीत असताना वाफेऐवजी थेट ज्वलनातून निघणाऱ्या तप्त वायूंवर चालणारे इंजिन त्यांनी बनविले. याच काळात कारोलिना लिलिएशोल्ड यांच्यापासून त्यांना याल्मार नावाचा पुत्र झाला. हा विवाहबाह्य मुलगा एरिक्सन यांच्या आईने वाढविला व तो मोठेपणी रेल्वे अभियंता झाला. १८२६ मध्ये रजा घेऊन एरिक्सन इंग्लंडला गेले. त्यानंतर हयातीत त्यांनी स्वीडनमध्ये पुन्हा पाऊल ठेवले नाही. रजा संपूनही न परतल्याने ते लष्करी गुन्ह्यास पात्र ठरत होते. वरिष्ठांच्या मध्यस्थीने तो प्रश्न मिटला आणि कॅप्टन या हुद्द्यावर बढती देऊन त्यांचा राजीनामा स्वीकारण्यात आला. 'कॅप्टन एरिक्सन' ही ओळख त्यांनी जन्मभर जपली.

इंग्लंडमधील तेरा वर्षे

लंडनमध्ये पहिलाच अनुभव निराशेचा होता. बर्च वृक्षाच्या लाकडावर उत्तम चालणारे त्यांचे इंजिन इंग्लंडच्या दगडी कोळशाच्या उष्णतेपुढे टिकेना. तरीही जॉन ब्रेथवेट या यंत्रकाराशी भागीदारी करून त्यांनी अनेक उपकरणे बनविली. वाफेच्या पंपावर चालणारा आगीचा बंब हे त्यांपैकी एक. १८३० मध्ये लंडनच्या अर्गाइल रूम्सच्या आगीत त्याचा उपयोग झाला, परंतु हातपंपांवर पोसलेल्या तत्कालीन अग्निशमन व्यवस्थेने तो स्वीकारला नाही.

ऑक्टोबर १८२९ मध्ये लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेसाठी योग्य इंजिन निवडण्याकरिता रेनहिल येथे स्पर्धा भरली. बक्षीस ५०० पौंडांचे होते. ब्रेथवेट व एरिक्सन यांना स्पर्धेची बातमी उशिरा कळली आणि 'नॉव्हेल्टी' हे इंजिन त्यांनी सुमारे सात आठवड्यांत उभे केले. हलके, देखणे आणि ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने धावणारे हे इंजिन प्रेक्षकांचे लाडके ठरले. मात्र पुरेशी चाचणी न झालेल्या त्याच्या नळ्या व जोड वारंवार निकामी झाले आणि बक्षीस स्टीफन्सन यांच्या 'रॉकेट'ला मिळाले. नॉव्हेल्टीच्या पराभवात घाईचा वाटा मोठा होता. कल्पना पुढची आणि चाचणी अपुरी हा प्रकार एरिक्सन यांच्या आयुष्यात पुन्हा घडणार होता.

या काळात ते कर्जबाजारी झाले व काही काळ ऋणकोंच्या तुरुंगातही होते. १८३६ मध्ये त्यांनी अमेलिया बायम यांच्याशी विवाह केला. हा संसार फार काळ चालला नाही. अमेलिया नंतर न्यूयॉर्कला गेल्या, पण लवकरच इंग्लंडला परतल्या आणि १८६७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत पतिपत्नी वेगळेच राहिले.

विवाहाच्याच वर्षी, जुलै १८३६ मध्ये, एरिक्सन यांनी प्रोपेलरचे एकस्व घेतले. फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी त्यापूर्वी सुमारे सहा आठवडे आपल्या मळसूत्राचे एकस्व घेतले होते. ऑस्ट्रियात योझेफ रेसेल यांचे प्रयोग त्याहून जुने होते. त्यामुळे प्रोपेलरचा एकमेव जनक म्हणून एरिक्सन यांचे नाव घेणे इतिहासाला धरून होणार नाही. तत्कालीन आगबोटींच्या दोन्ही बाजूंना मोठी वल्हेचक्रे असत. युद्धनौकेच्या दृष्टीने ती धोक्याची होती, कारण तोफेच्या एका गोळ्याने चक्र फुटले की जहाज पंगू होई. शिवाय चक्रांमुळे बाजूच्या तोफांची जागा अडे. पाण्याखालील प्रोपेलरने या दोन्ही अडचणी दूर होत होत्या. १८३७ मध्ये एरिक्सन यांनी 'फ्रान्सिस बी. ऑग्डेन' या छोट्या आगबोटीने ब्रिटिश नौदलाच्या उच्चाधिकाऱ्यांना बसविलेली नौका टेम्स नदीतून ओढून दाखविली. अधिकारी तरीही प्रभावित झाले नाहीत. मागील बाजूने ढकलले जाणारे जहाज सुकाणूला नीट जुमानणार नाही, अशी नौदलाच्या जहाजबांधणी प्रमुखांची समजूत होती.

या बोटीला ज्यांचे नाव दिले होते ते ऑग्डेन हे लिव्हरपूलमधील अमेरिकेचे वाणिज्यदूत होते. त्यांच्या ओळखीतून रॉबर्ट स्टॉकटन या श्रीमंत व वजनदार अमेरिकन नौदल अधिकाऱ्याशी एरिक्सन यांचा संबंध आला. अमेरिकन नौदलासाठी मोठे जहाज बांधण्याची संधी मिळवून देण्याचे आश्वासन स्टॉकटन यांनी दिले आणि १८३९ च्या अखेरीस एरिक्सन न्यूयॉर्कला पोहोचले.

'प्रिन्स्टन' आणि तोफेचा स्फोट

कबूल केलेल्या जहाजाला तीन-चार वर्षे लागली. दरम्यान न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेलियस डेलामेटर या तरुण कारखानदाराशी एरिक्सन यांची मैत्री जमली. ती दोघांच्या अखेरपर्यंत टिकली आणि एरिक्सन यांची बहुतेक यंत्रे डेलामेटर यांच्याच कारखान्यात तयार झाली.

'प्रिन्स्टन' ही युद्धनौका सप्टेंबर १८४३ मध्ये फिलाडेल्फिया येथे पाण्यात उतरली. प्रोपेलरवर चालणारी ती अमेरिकन नौदलाची पहिली युद्धनौका. तिचे इंजिन व बॉयलर पाण्याच्या पातळीखाली असल्याने शत्रूच्या माऱ्यापासून सुरक्षित होते. धुराडे दुर्बिणीच्या नळीसारखे आत सरकत असे आणि पंख्यांच्या साह्याने जळणाऱ्या अँथ्रसाइट कोळशामुळे धूर जवळजवळ दिसत नसे. हे सर्व आरेखन एरिक्सन यांचे होते. स्टॉकटन जहाजाचे कप्तान झाले आणि जहाजाची कीर्ती जसजशी वाढली, तसतसा एरिक्सन यांचा उल्लेख कमी होत गेला.

जहाजावर १२ इंच व्यासाच्या दोन अजस्र तोफा होत्या. पहिली 'ओरेगॉन' एरिक्सन यांच्या आराखड्यानुसार इंग्लंडमध्ये घडीव लोखंडाची बनवली होती. तिच्या मागील भागावर, जेथे दारूचा दाब सर्वाधिक असतो तेथे, लोखंडी कड्या तापवून बसविल्या होत्या. थंड होताना आकसणाऱ्या कड्या मूळ नळीला आवळून धरतात आणि आतून येणारा दाब विभागला जातो. दुसरी तोफ, 'पीसमेकर', स्टॉकटन यांनी न्यूयॉर्कमध्ये करवून घेतली. तिला अशा कड्या नव्हत्या. केवळ लोखंडाची जाडी वाढवली होती. जाड घडीव लोखंडात आतील सांधे नीट जुळले आहेत की नाही हे तपासण्याचे साधन त्या काळी नव्हते.

२८ फेब्रुवारी, १८४४ रोजी पोटोमॅक नदीत या जहाजाची सफर निघाली. राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर, मंत्रिमंडळातील सदस्य आणि अनेक स्त्री-पुरुष पाहुणे जहाजावर होते. एरिक्सन यांना बोलावले नव्हते. परतीच्या वाटेवर पीसमेकर पुन्हा डागण्यात आली तेव्हा तिचा मागील भाग फुटला. परराष्ट्रमंत्री एबल अपशर, काही दिवसांपूर्वीच पदभार घेतलेले नौदलमंत्री थॉमस गिल्मर, नौदल अधिकारी बेव्हर्ली केनन, मुत्सद्दी व्हर्जिल मॅक्सी, न्यूयॉर्कचे डेव्हिड गार्डिनर आणि राष्ट्राध्यक्षांचा आर्मिस्टेड नावाचा गुलाम सेवक असे सहा जण ठार झाले. टायलर त्या वेळी खालच्या मजल्यावर असल्याने वाचले.

स्फोटानंतर स्टॉकटन यांनी एरिक्सन यांना वॉशिंग्टनला येण्यास सांगितले. श्रेयाच्या वेळी ज्याला बाजूस ठेवले त्याला जबाबदारीच्या वेळी पुढे करण्याचा हा प्रकार असल्याचे एरिक्सन यांनी ओळखले आणि जाण्यास नकार दिला. नौदलाच्या चौकशी न्यायालयाने स्टॉकटन यांना निर्दोष ठरविले. फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या समितीने फुटलेल्या तोफेच्या लोखंडातील व घडणीतील दोष नोंदविले, परंतु लोकांच्या मनात एरिक्सन यांचेच नाव अपघाताशी जोडले गेले.

आर्थिक फटकाही बसला. दोन वर्षांच्या कामाबद्दल एरिक्सन यांनी मागितलेले सुमारे १५ हजार डॉलर स्टॉकटन यांच्या विरोधामुळे अडकून पडले. सरकारविरुद्धचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाने पुढे एरिक्सन यांच्या बाजूने कौल दिला, तरी अमेरिकन काँग्रेसने ती रक्कम कधीच मंजूर केली नाही. १८४८ मध्ये एरिक्सन अमेरिकेचे नागरिक झाले. वॉशिंग्टनशी व्यवहार करायचा नाही, हा निश्चय मात्र त्यांनी सतरा वर्षे पाळला.

उष्ण हवेचे इंजिन

बॉयलर फुटून माणसे मरण्याचे प्रकार त्या काळी नित्याचे होते. वाफेऐवजी तापवलेल्या हवेवर इंजिन चालविल्यास हा धोका टळेल आणि कोळसाही कमी लागेल, असा एरिक्सन यांचा विश्वास होता. त्यांच्या इंजिनाचा गाभा म्हणजे रीजनरेटर. बाहेर जाणारी गरम हवा तारेच्या जाळ्यांच्या थरांतून सोडायची, जाळीने उष्णता धरून ठेवायची आणि आत येणाऱ्या थंड हवेला ती परत द्यायची, अशी ही योजना होती. ती शास्त्रशुद्ध होती व आजही वापरात आहे. चूक वेगळीच होती. उष्णता हे एक द्रव्य असून तेच पुन्हा पुन्हा वापरता येईल, या जुन्या समजुतीच्या छायेत एरिक्सन फार मोठ्या बचतीची अपेक्षा धरून बसले. नेमक्या त्याच वर्षांत जूल, क्लाउझियस व केल्व्हिन हे उष्णतेचे कार्यात रूपांतर होताना ती खर्ची पडते, असे मांडत होते.

१८५३ मध्ये 'एरिक्सन' नावाचे मोठे जहाज या इंजिनासह तयार झाले. त्याच्या चार कार्यकारी सिलिंडरांचा व्यास प्रत्येकी १४ फूट होता. जहाज चालले, कोळसाही कमी लागला, परंतु वेग अपेक्षेपेक्षा फारच कमी होता. एप्रिल १८५४ मध्ये वादळी वाऱ्यात ते बुडाले. वर काढल्यावर त्यात वाफेची इंजिने बसविण्यात आली. या अपयशाने खचून न जाता एरिक्सन यांनी तेच तत्त्व छोट्या इंजिनांत आणले. छापखाने, कारखाने व घरगुती पंप यांसाठी अशी हजारो इंजिने विकली गेली आणि त्यांना प्रथमच स्थिर उत्पन्न मिळाले. १८६२ मध्ये अमेरिकन कला व विज्ञान अकादमीने या कामासाठी त्यांना रम्फर्ड पारितोषिक दिले.

'मॉनिटर'

१८५४ मध्ये एरिक्सन यांनी फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याला एक आराखडा पाठविला होता. जवळजवळ पाण्याच्या पातळीलगत असलेले चिलखती जहाज आणि त्यावर तोफेसह फिरणारा लोखंडी घुमट, असे त्याचे स्वरूप होते. सम्राटाने सौजन्याने नकार कळविला.

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील संघराज्याने नॉरफोक येथे हाती लागलेल्या 'मेरिमॅक' या अर्धवट जळालेल्या जहाजावर लोखंडी चिलखत चढविण्यास प्रारंभ केला. उत्तरेचे लाकडी आरमार तिच्यापुढे टिकणार नाही, ही भीती वॉशिंग्टनमध्ये पसरली. कॉर्नेलियस बुशनेल हे उद्योजक आपल्या नियोजित चिलखती जहाजाची गणिते तपासून घेण्यासाठी एरिक्सन यांच्याकडे आले असता एरिक्सन यांनी त्यांना आपली जुनी प्रतिकृती दाखविली. बुशनेल ती घेऊन नौदलमंत्री गिडियन वेल्स व नंतर राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्याकडे गेले. नौदलाच्या समितीला शंका होत्या आणि प्रिन्स्टनची आठवण पुसलेली नव्हती. अखेरीस बुशनेल यांनी एरिक्सन यांनाच वॉशिंग्टनला येण्यास राजी केले. स्थैर्याची गणिते त्यांनी समितीपुढे स्वतः मांडली आणि काम मिळविले.

४ ऑक्टोबर, १८६१ रोजी झालेला करार कठोर होता. मुदत १०० दिवसांची, किंमत २,७५,००० डॉलर आणि जहाज अयशस्वी ठरल्यास रक्कम परत करण्याची अट. बुशनेल, जॉन विन्स्लो व जॉन ग्रिसवोल्ड हे भागीदार झाले. जहाजाचे धड ब्रुकलिनमधील ग्रीनपॉइंट येथे, इंजिने डेलामेटर यांच्याकडे आणि बुरूज न्यूयॉर्कच्या नॉव्हेल्टी कारखान्यात, असे काम वाटले गेले. एरिक्सन रोज आराखडे काढून पाठवीत आणि शाई वाळते न वाळते तोच लोखंड कापले जाई. २५ ऑक्टोबर रोजी कणा बसविलेले जहाज ३० जानेवारी, १८६२ रोजी पाण्यात उतरले. नाव एरिक्सन यांनीच सुचविले. दक्षिणेच्या नेत्यांना, तसेच ब्रिटिश नौदलालाही समज देणारी नौका, असा त्यांचा अभिप्राय होता. टेम्सवरील १८३७ चा प्रसंग ते विसरले नव्हते.

मॉनिटरची लांबी सुमारे ५२ मीटर होती आणि तिचा डेक पाण्याच्या वर जेमतेम अर्धा मीटर होता. त्यामुळे शत्रूला लक्ष्य करण्याजोगे फारसे काही उरत नसे. मध्यभागी २० फूट अंतर्व्यासाचा, ९ फूट उंचीचा बुरूज होता. त्याची भिंत एकेक इंच जाडीच्या आठ पत्र्यांची होती. आत ११ इंची दोन डालग्रेन तोफा होत्या. वाफेच्या शक्तीने बुरूज फिरत असल्याने नेम धरण्यासाठी अख्खे जहाज वळविण्याची गरज राहिली नाही.

८ मार्च, १८६२ रोजी 'व्हर्जिनिया' या नव्या नावाने बाहेर पडलेल्या मेरिमॅकने हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत 'कंबरलँड' बुडविली आणि 'काँग्रेस' जाळली. दोनशेहून अधिक खलाशी मृत्युमुखी पडले. त्याच रात्री मॉनिटर तेथे पोहोचली. वाटेत तिच्या पंख्यांचे पट्टे भिजून इंजिनखाना विषारी वायूने भरला होता आणि माणसे बेशुद्ध पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन चिलखती नौकांमध्ये सुमारे चार तास लढत झाली. बुरूज एकदा फिरू लागला की नेमक्या जागी थांबविणे कठीण जाई, म्हणून तोफची फिरत्या बुरुजातूनच मारा करीत. सुकाणूच्या खोलीवर गोळा फुटून कप्तान जॉन वर्डन यांचे डोळे जखमी झाले. कोणीच बुडाले नाही, कोणीच निर्णायकपणे जिंकले नाही. तथापि उत्तरेचे उरलेले आरमार वाचले आणि लाकडी युद्धनौकांचे युग सरल्याचे जगभरच्या नौदलांना दिसून आले.

या लढाईत मॉनिटरच्या तोफांना एका वेळी फक्त १५ पौंड दारू वापरण्याची मर्यादा होती. पीसमेकरच्या स्फोटानंतर नौदल मोठ्या तोफांबाबत अतिशय सावध झाले होते. पुढील चाचण्यांत याच तोफांनी दुप्पट दारू सहज पेलली. पूर्ण शक्तीने मारा करता आला असता तर व्हर्जिनियाचे चिलखत फुटले असते, असे मत एरिक्सन यांच्या बाजूने नेहमी मांडले गेले.

एरिक्सन यांना काँग्रेसने आभाराचा ठराव दिला आणि याच धर्तीच्या अनेक नौकांची कामेही मिळाली. फिरत्या बुरुजाची कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. थिओडोर टिंबी यांचा या कल्पनेवरील दावा आधीचा असल्याने भागीदारांना त्यांना मानधन द्यावे लागले आणि इंग्लंडमध्ये कूपर कोल्स स्वतंत्रपणे बुरूज विकसित करीत होते. मॉनिटरचा खुल्या समुद्रातील दोषही लवकरच उघड झाला. ३१ डिसेंबर, १८६२ रोजी केप हॅटरासजवळ वादळात ती बुडाली आणि १६ जण मरण पावले. 'मॉनिटर' हे मात्र नौकांच्या एका प्रकाराचेच नाव झाले. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी १८७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये बांधलेल्या 'मॅग्डाला' व 'ॲबिसिनिया' या दोन नौका त्याच वर्गातील होत. त्यांचे बुरूज कोल्स यांच्या पद्धतीचे होते आणि सुमारे तीन दशके त्या मुंबईत होत्या.

उत्तरायुष्य

१८६४ पासून एरिक्सन न्यूयॉर्कच्या बीच स्ट्रीटवरील घरात राहत. ठरलेला व्यायाम, मोजका आहार आणि रात्री उशिरापर्यंत आरेखन, असा त्यांचा दिनक्रम होता. पाहुण्यांना ते सहसा भेटत नसत. स्वीडनला ते गेले नाहीत, तरी देशाशी नाते तुटले नव्हते. १८६५ मध्ये स्वीडनने बांधलेल्या पहिल्या मॉनिटर नौकेला त्यांचे नाव देण्यात आले व तिच्या दोन तोफा त्यांनी स्वखर्चाने भेट दिल्या. लुंड विद्यापीठाने १८६८ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

अखेरची वीस वर्षे त्यांचे लक्ष मुख्यतः सूर्याकडे होते. कोळशाचे साठे कधी तरी संपतील, या विचाराने त्यांनी आरशांनी सूर्यकिरण एकवटून चालणारी इंजिने बनविली. १८८३ मधील त्यांच्या यंत्रात पन्हळीच्या आकाराचा अन्वस्तीय आरसा होता. आजच्या अनेक सौर औष्णिक केंद्रांत याच आकाराचे आरसे दिसतात. सूर्यप्रकाश फुकट असला तरी यंत्राच्या खर्चामुळे ही शक्ती कोळशाहून महाग पडते, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच काढला. त्यातून निपजलेले गॅसवर चालणारे छोटे पंप मात्र बाजारात चांगले खपले.

मृत्यू व स्मारके

हॅम्प्टन रोड्सच्या लढाईला सुरुवात झाली त्याच तारखेला, सत्तावीस वर्षांनी, ८ मार्च, १८८९ रोजी एरिक्सन यांचे न्यूयॉर्क येथे निधन झाले. ऑगस्ट १८९० मध्ये अमेरिकन नौदलाच्या 'बाल्टिमोर' या क्रूझरने त्यांचे पार्थिव स्वीडनला नेले आणि वॅर्मलांडमधील फिलिपस्टाड येथे ते चिरविश्रांतीस ठेवण्यात आले. न्यूयॉर्कच्या बॅटरी पार्कमध्ये त्यांचा पुतळा आहे. वॉशिंग्टनमध्ये १९२६ साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या हस्ते त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले.

मॉनिटरचे अवशेष १९७३ मध्ये सापडले. २००२ मध्ये तिचा बुरूज समुद्रतळातून वर काढण्यात आला. तो व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स म्युझियममध्ये ठेवला असून त्याच्या संवर्धनाचे काम तेथे हाती घेण्यात आले.